चांगल्या शाळेच्या हद्दीतलं घर

टोकियोजवळच्या उरायासुतल्या आमच्या भारतीय मंडळींमध्ये एक दादा होते. नोकरी बँकेत, पण खरा अभ्यास प्राथमिक शाळांचा. कुठली शाळा कितव्या क्रमांकाची, तिची हद्द कुठल्या रस्त्यावर संपते, रस्त्याच्या अलीकडे घरांचे भाव काय आणि पलीकडे काय, हे सगळं त्यांना तोंडपाठ. कुणाच्या मनात घर घ्यायचं आलं की त्याने आधी दादांना चहाला बोलवायचं, अशी पद्धतच पडून गेली होती. बायकोला नंतर सांगितलं तरी चालायचं.

आम्हीही बोलावलं. मोठ्या भूकंपाला काही वर्षं होऊन गेली होती. नवऱ्याच्या कंपनीने त्याला इथेच कायम केलं होतं आणि भाड्याच्या दोन खोल्यांतून बाहेर पडावं असं आम्हाला वाटायला लागलं होतं. दादांनी पोहे खाल्ले, बशी बाजूला सारली आणि म्हणाले, "वहिनी, घर बघू नका. हद्द बघा. घर काय, उद्या पाडून नवं बांधता येतं. हद्द पाडता येते का?"

त्यांचं खरं होतं. इथे सरकारी शाळा आपण निवडत नाही. ज्या शाळेच्या हद्दीत तुमचं घर, ती तुमची शाळा. म्हणजे शाळा निवडायची तर घर निवडा.

मी अशा बाबतीत फार लवकर सापडते. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, नगरपालिकेच्या शाळेत सतरंजीवर बसून शिकले. त्या शाळेने मला इथवर आणलं हे मी कुणी न विचारताही सांगते. माझे वडील गवंडी होते, त्यामुळे भिंतींबद्दल मला कुणी फसवू शकलं नसतं. शाळेबद्दल मात्र कुणीही फसवावं. कुणी शाळेबद्दल बोलायला लागलं की मी वर्गात बसल्यासारखी ऐकते.

तरी एक धास्ती होती. मुलगी तेव्हा दुसरीत होती, आमच्या जुन्या वस्तीतल्या शाळेत. पहिलीचे कितीतरी महिने ती वर्गात एक शब्द बोलली नव्हती. घरी अखंड बडबड आणि वर्गात तोंड बंद. तिच्या बाई तरुण होत्या, गळ्यात कायम शिट्टी. "घाई नाही," असं त्या मला दर वेळी म्हणायच्या. इथे वर्गात प्रत्येक मुलाकडे एक काम असतं. बाईंनी हिला वर्गातल्या काचेच्या टाकीतल्या माशांना खाऊ घालायचं काम दिलं. ती आधी माशांशी बोलायला लागली, मग माशांबद्दल मुलांशी, आणि मग थांबेचना. पुढच्या एप्रिलमध्ये बाई शाळा सोडून गेल्या. निरोपाच्या दिवशी मुलगी तापाने घरी होती, त्यामुळे कुठे गेल्या तेही कळलं नाही. पण तोवर तिची गाडी रुळावर आली होती. आता शाळा बदलली की पोरगी पुन्हा मुकी होईल, हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

दादांना मी हे सांगितलं. "मुलांचं काय, वहिनी! आठ दिवसांत रुळतात," दादा म्हणाले. त्यांची मुलं किती दिवसांत रुळली हे विचारायला हवं होतं. तेव्हा सुचलं नाही.

मी नगरपालिकेच्या कार्यालयातही जाऊन आले. मोठ्या तयारीने जपानी वाक्य पाठ केलं होतं: चांगली शाळा कोणती? खिडकीवरच्या गृहस्थांनी माझा पत्ता विचारला, नकाशा उलगडला आणि एका ठिकाणी बोट ठेवलं. "तुमच्यासाठी ही."

"का?"

"जवळ आहे."

मी म्हटलं, तसं नव्हे, दर्जाने. ते आत गेले, दोन सहकाऱ्यांशी बोलले, परत आले आणि म्हणाले, "सगळ्या शाळांना पोहण्याचा तलाव आहे."

दादा हे ऐकून खूप हसले. "सरकारी माणूस कसा सांगेल? साइटवर तारे बघा." घरं विकणाऱ्यांच्याच एका साइटवर प्रत्येक शाळेला तारे दिलेले होते. आमच्या मुलीच्या शाळेला तीन, खाडीकडच्या नव्या भागातल्या शाळेला पाच. तारे कशावरून देतात तेही खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं. प्रश्नपत्रिकेवरच्या सूचना पूर्ण वाचायची मला लहानपणापासून सवय आहे. मी वाचलं. हद्दीत राहणाऱ्या लोकांच्या सरासरी उत्पन्नावरून. म्हणजे घरं महाग म्हणून शाळा चांगली, आणि शाळा चांगली म्हणून घरं महाग. वर्गात कोण काय शिकवतं याचा त्यात कुठेच उल्लेख नव्हता.

मी नवऱ्याला म्हटलं, "अरे, आपण तिथे राहायला गेलो तर शाळेचा दर्जा खाली येईल."

"एका घराने काही होत नाही," तो गंभीरपणे म्हणाला. तो मुंबईच्या नावाजलेल्या शाळेत शिकलाय. अजून दोन वाक्यांत एकदा तिचं नाव घेतो.

तो पाच ताऱ्यांचा भाग म्हणजे समुद्रात भराव घालून केलेली जमीन. भूकंपात तिथल्या रस्त्यांमधून वाळू आणि पाणी उसळून वर आलं होतं, घरं कलली होती, खांब वाकले होते. आम्ही राहत होतो त्या कोळ्यांच्या जुन्या गल्ल्यांत असलं काही झालं नाही. पण त्याबद्दल कुणी तारा दिला नव्हता. भूकंपानंतर तिकडचे भाव पडले तेव्हा दादांनी घर घेतलं, आणि आता भाव पुन्हा चढल्यावर ते त्याला दूरदृष्टी म्हणत.

"जमीन आता एकदम घट्ट केलीय," दादा फुटपाथवर पाय आपटून म्हणाले. आम्ही त्यांच्याच गल्लीतलं एक घर बघायला गेलो होतो.

"शाळा पाच ताऱ्यांची. जमीन किती ताऱ्यांची, दादा?"

"वहिनी, तुम्ही फार निगेटिव्ह."

एजंटने आम्हाला सपाता दिल्या आणि स्वयंपाकघर, न्हाणीघर सगळं ओलांडून थेट वरच्या मजल्यावरच्या खिडकीशी नेलं. तिथून शाळेचं छप्पर दिसत होतं. देवळाचा कळस दाखवावा तसं त्याने ते दाखवलं. दादांनी मान झुकवली. मी भिंतीवर बोटाने टकटक केलं, तर एजंट घाईने म्हणाला, "शाळा फार लोकप्रिय आहे हं." घर खरोखर छान होतं. नवरा रिकाम्या दिवाणखान्यात उभा राहून टीव्ही कुठे लावायचा ते ठरवत होता. भाव आमच्या ऐपतीच्या बराच वर होता, पण मुलीच्या शिक्षणासाठी म्हटलं की ऐपत ताणता येते असं आम्हा दोघांनाही वाटत होतं.

मग दादांच्या घरी चहा झाला. त्यांच्या बायकोला मी ताई म्हणते. मी स्वयंपाकघरात गेले आणि विचारलं, "ताई, तुमच्या मुलांना इथले शिक्षक कसे वाटतात?"

"इथले?" ताई गाळणं हातात धरून बघतच राहिल्या. "अगं, ती दोघं बसने टोकियोत, कोतोला जातात. इंडियन स्कूलला."

"पहिल्यापासून?"

"मग! उद्या ह्यांची बदली मुंबईला झाली तर? आणि इथलं गणित किती मागे आहे."

"मग इथे घर कशाला घेतलंत?"

"शाळा चांगली आहे ना!" ताई म्हणाल्या, आणि चहा गाळला.

नंतर मी चौकशी केली. दादांच्या सल्ल्याने त्या हद्दीत घर घेतलेल्या आमच्या ओळखीच्या सगळ्यांची मुलं त्याच बसने जात होती. पाच ताऱ्यांच्या शाळेत खरोखर मूल घालणारे आम्हीच पहिले ठरणार होतो.

त्या सोमवारी मुलीच्या वर्गशिक्षकांचा फोन आला. शाळा बदलायचे कागद कधी हवेत, असं ते विचारत होते. मी म्हटलं, कसले कागद? तेव्हा कळलं की मुलीने सकाळी वर्गासमोर उभं राहून स्वतःच जाहीर केलं होतं: मी दुसऱ्या शाळेत जाणार, ही शाळा तीन ताऱ्यांची आहे. शिक्षक फारच सौम्य होते. ताऱ्यांबद्दल ते काही बोलले नाहीत. निरोपासाठी मुलांनी शुक्रवारी डॉजबॉलचा, म्हणजे चेंडू मारून बाद करायच्या खेळाचा, सामना ठरवलाय, तो चालेल ना, एवढंच त्यांनी विचारलं.

रात्री जेवताना मी मुलीला विचारलं, "तुला जायचंय का तिकडे?"

"तू म्हणालीस ना ती चांगली आहे. मग जायला पाहिजे."

"आणि ही?"

"ही वाईट आहे ते मला माहीतच नव्हतं," ती म्हणाली. नवऱ्याने पोळीचा तुकडा पुन्हा ताटात ठेवला.

दोनच दिवसांनी पाच ताऱ्यांच्या शाळेत पाहणीचा दिवस होता. इथे अधूनमधून शाळा लोकांना बघायला खुली ठेवतात. नवऱ्याने सुट्टी काढली आणि मुलीला आम्ही दुपारी शाळेतून लवकर आणलं. दादाही आले, पाच ताऱ्यांचे यजमान म्हणून. आत पाय टाकताना त्यांनी मला हळूच विचारलं, "बूट कुठे काढायचे हो?" इतक्या वर्षांत ते त्या इमारतीत पहिल्यांदाच येत होते.

दुसरीच्या वर्गात गणित चाललं होतं. शिकवणाऱ्या बाई टाइल्स मोजायला सगळ्या मुलांना जमिनीवर बसवून स्वतःही बसल्या होत्या. दादा माझ्या कानाशी म्हणाले, "बघा. स्टँडर्ड! तुमच्याकडे असं शिकवतात का?"

तेवढ्यात माझी मुलगी मागून मोठ्याने ओरडली, "सेन्सेई!"

बाईंनी वळून पाहिलं. गळ्यात शिट्टी होती. तास संपल्यावर त्या धावत आल्या आणि मुलीला पहिला प्रश्न माशांचा विचारला. पिल्लं झालीत, हे मुलीने त्यांना हात पसरून सांगितलं. ते मासे नखाएवढे आहेत.

"ह्या आमच्याच शाळेतल्या," मी दादांना म्हटलं.

"म्हणजे प्रमोशन झालं," दादा म्हणाले.

मी बाईंना विचारलं. त्या हसल्या. प्रमोशन कसलं, बदली. काही वर्षं झाली की प्रत्येकाची होते. इथले तिकडे, तिकडचे इथे. आमच्या गावात उन्हाळाभर मास्तरांच्या बदल्यांशिवाय दुसरा विषय नसायचा. जपानमध्येही मास्तरांच्या बदल्या होत असतील, हे मला सुचायला हवं होतं. पण परदेश म्हटला की आपण काही साध्या गोष्टी गृहीत धरतच नाही.

सायकलवरून परत येताना नवरा म्हणाला, "उलट बरंच झालं. त्याच बाई मिळतील. घेऊन टाकू."

"आणि त्यांची पुन्हा बदली झाली की? घर घेऊन त्यांच्या मागे फिरायचं?"

पुलाच्या चढावर तो उभा राहून पायडल मारत राहिला. उतारावर म्हणाला, "दिवाणखाना मोठा होता गं."

"होता."

"पण तिला 'ही वाईट आहे ते माहीत नव्हतं' म्हणायला लावलं आपण."

पुढे त्या दिवाणखान्याबद्दल तो महिनाभर बोलत राहिला, पण निर्णय पुलावरच झाला होता. आम्ही जुन्या गल्लीतच घर बघितलं. अरुंद, तीन मजल्यांचं, जिने उभे, आणि खिडकीतून शेजारच्या आजींचं तेलाचं डबडं दिसणारं. मी भिंती वाजवून पाहिल्या. भाव पेलण्यासारखा होता. दादांना कळवलं तेव्हा ते हळहळले. "विकताना काय मिळणार, वहिनी? आणि मुलीच्या भवितव्याचा तरी विचार करायचा." त्यांच्या मुलांची बस तेव्हा यायचीच होती, म्हणून त्यांनी फोन लवकर ठेवला.

पुलावरून आलो त्या रात्रीच मुलीला सांगितलं, आपण कुठे जात नाही. मला वाटलं, उडी मारेल. ती वैतागली.

"म्हणजे डॉजबॉल नाही?"

"अगं, तो निरोपाचा होता."

"मी सगळ्यांना सांगितलंय!" आणि ती रुसून झोपायला गेली.

दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा वर्गासमोर उभं राहून सांगावं लागलं की आपण जात नाही. शाळेतून आल्यावर मी भीत भीत विचारलं, मुलं काय म्हणाली?

"म्हणाली, ठरलाय तर खेळायचा."

"आणि ते तीन ताऱ्यांचं?"

"माझी मैत्रीण म्हणाली, तिची आजीपण ह्याच शाळेत होती, तिला कुणी सांगितलं नव्हतं." एवढं बोलून ती वर्गातल्या माशांच्या पिल्लांच्या विषयाकडे वळली. एकूण किती ते मोजताना भांडण झालं होतं.

शुक्रवारी सामना झाला. हिचा संघ हरला. ती गुडघा खरचटून घरी आली आणि कोण रेषेच्या बाहेर असूनही बाद झालं नाही, कुणी सरांना खोटं सांगितलं, ते जेवण संपेपर्यंत वरच्या पट्टीत सांगत राहिली. नवरा दोनदा "हळू" म्हणाला. मी म्हटलं, बोलू दे.