बॅटऱ्या उकळत होत्या

मशीन बिघडलं की तुम्ही आधी कोणाच्या नावानं खडे फोडता? खरं सांगा. मी दुकानदाराच्या. विकणारा चोर, हे मी धरूनच चालते, आणि बहुतेक वेळा माझं चुकत नाही. इथे चुकलं.

आमच्या गल्लीत पाणीवाले मामा राहतात. ते पाणी विकत नाहीत. लोकांच्या बॅटऱ्यांना डिस्टिल्ड वॉटर पाजण्यात जन्म गेला, म्हणून हे नाव. ट्रकची असो की इन्व्हर्टरची, झाकण उघडून नुसता वास घेतला तरी मामा तिचं दुखणं सांगायचे. शर्टाला ॲसिडची भोकं आणि तोंडाला कुरकुर, दोन्ही कायमची.

मामींची फुप्फुसं थकली तेव्हा घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. ते विजेवर चालतं, आणि आमच्याकडची वीज दुपारी हमखास दगा देते. म्हणून मामांनी गच्चीवर सोलर पॅनेल चढवले, पत्र्याच्या खोपट्यात बॅटऱ्या मांडल्या आणि मध्ये चार्ज कंट्रोलर बसवला. बॅटरी भरत आली की पॅनेलचा जोर आवरायचा, एवढंच त्या डब्याचं काम.

नेमकं तेच तो करेना. बॅटऱ्या रटरट उकळायच्या, पाणी आटायचं, खोपट्यात शिरलं की डोळे चुरचुरायचे. मामांचा मुक्काम गच्चीवरच.

"माझ्यापेक्षा त्यांच्याच उशाशी बसता," मामी नाकातली नळी सावरत म्हणायच्या. "लग्न त्यांच्याशीच करायचं होतं."

"त्या उलट बोलत नाहीत."

"म्हणून तर आतल्या आत उकळतात."

हसल्या की मामींना धाप लागायची. तरी हसायच्या.

मामांनी काय तपासायचं ठेवलं? बॅटरीचा प्रकार बरोबर निवडलाय, तारा घट्ट आहेत, आणि मीटर लावला तर व्होल्टेज चढलेलं. दुकानात भांडून त्यांनी कंट्रोलर बदलून आणला. तापमान मोजणारा जुनाच सेन्सर नव्याला जोडला. नवाही तसाच वागला. "मालच भिकार आहे, ताई," ते म्हणाले. मला तेवढी काडी पुरे होती.

ऊन वाढलं, पत्रा तापला. मामांनी बॅटऱ्यांवर पहिल्या दिवसापासून ओली फडकी पसरलेली होतीच. तापानं फणफणलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतो ना, तशी. वाळली की पुन्हा भिजवायची. जुन्या गॅरेजात असताना लागलेली सवय.

आणि एका दुपारी वीज गेली. बॅटऱ्या फुगून कामातून गेल्या होत्या. मशीन दोनदा ओरडलं आणि गप्प झालं. मामांनी मामींना उचलून खाली आणलं, मिळाली त्या गाडीत घातलं. दवाखान्याच्या पायऱ्यांपर्यंत मामी पोचल्या. आत नाही.

मी फलक रंगवले. दुकानासमोर असा मोर्चा नेणार होते की त्याला शटर वर करायची लाज वाटावी. माणसं जमायला लागली होती, तेवढ्यात मामांचा निरोप आला, गच्चीवर या.

त्यांनी शेजाऱ्याची धडधाकट बॅटरी आणून जोडली होती. कंट्रोलरपासून एक बारीक तार निघाली होती, टोकाला मण्याएवढा सेन्सर. तो बॅटरीला चिकटवलेला असतो. बॅटरी गार असली की कंट्रोलर जास्त भरतो, तापली की कमी. पाण्यानं चिकटपट्टी सुटली, म्हणून मामांनी तो ओल्या फडक्याच्या घडीत खोचून ठेवला होता.

"मला वाटलं, हा नुसता तापमानाचा आकडा दाखवायला आहे," ते म्हणाले. "आता मीटर बघा. फडक्यात ठेवला, चढलं. मुठीत धरला, उतरलं. आतून बॅटरी पेटलेली आणि हा सांगतोय, गारठलीये, भर अजून. मी जितकं पाणी मारलं, तितकी ती जळाली."

त्यांनी मूठ तशीच मिटून ठेवली. मीटरचा आकडा खाली येत होता.

मी तरी भडकलेच. "मग दुकानदारानं हे सांगायला नको?"

"सांगितलं होतं. म्हणाला, मामा, ती तार तेवढी हलवू नका. मी काय म्हटलं माहितीये? तू रांगत होतास तेव्हापासून बॅटऱ्या पाजतोय मी."

मी कठड्यावरून वाकून खाली जमलेल्यांना फलक उलटे करायला सांगितलं.

मामा त्याच पावली जिना उतरून दुकानात गेले. मागे मी, माझ्यामागे माणसं, फलक उलटे धरलेले. सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझा माल चांगला होता. चूक माझी." तो बिचारा शिव्यांच्या तयारीनं उभा होता. त्यानं नुसती खुर्ची पुढे केली. मामा बसले नाहीत.

आता मामांनी काम सोडलंय. मीटर, नरसाळं, सगळं पोत्यात बांधून टाकलं. कोणी बॅटरी घेऊन आलं की म्हणतात, "माझा हात नका लावून घेऊ." मी समजावलं, भांडले. मामी अशाही फार दिवस काढणार नव्हत्या, असं बोलून बसले. तेव्हापासून माझ्याशी अबोला आहे. दिवसभर त्या बंद मशीनसमोर बसतात. ताट जसं जातं तसं परत येतं. असं बसून राहिलेलं माणूस फार काळ टिकत नाही.

माझं ते ऐकणार नाहीत. तुमचं कदाचित ऐकतील. तुमच्याकडची एखादी बॅटरी खरोखर आजारी असेल तर उचला आणि त्यांच्या दारात नेऊन ठेवा. नको म्हणतील. मानू नका. हाकलतील. तरी तिथंच उंबऱ्यावर बसून राहा.