गाणं जिथे उडी मारायचं

बंगळूरला मी खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला दारातच उभं केलं, ओठांवर बोट ठेवून. आत रेकॉर्ड चालू होती आणि ती बाजू संपेपर्यंत घरात कुणी शिरायचं नाही, असा तिथला नियम होता. मी पुण्याची. लोकांना दारात ताटकळत ठेवणं हा आमचा हक्क. तो दुसऱ्या कुणी आमच्यावर बजावावा, हे मला मुळीच खपलं नाही. आल्या पावली परत फिरणार होते, तेवढ्यात आतली गिटार ओळखीची वाटली. हॉस्टेलवर ज्या अल्बमची कॅसेट मी वाजवून वाजवून झिजवली होती, तोच हा. मग मुकाट्याने उभी राहिले, आणि पुढे लग्न होईपर्यंत त्याच घरात राहिले.

घरमालकांना सगळे अण्णा म्हणत. त्यांचं घराणं तीनेकशे वर्षांपूर्वी कधीतरी इकडे आलेलं. घरात मराठीच बोलत, पण त्या मराठीत दर चौथा शब्द कानडी. सरकारी कारखान्यात फोरमन होते, कपाळाला गंध लावत, आणि तरुणपणापासून विलायती रॉकचं वेड. त्यांच्या बायकोला सगळे अक्का म्हणत. एकुलती एक मुलगी कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी अमेरिकेला गेलेली. तिची रिकामी खोली मला मिळाली, भिंतीवरच्या पोस्टरसकट.

रविवारी सकाळी अण्णांकडे बैठक असायची. नेहमीचे दोघं. एक बँकेतले अधिकारी, जगातल्या प्रत्येक गोष्टीला दहापैकी गुण देणारे. दुसरा एक गिटारवाला, दिवसा कॉम्प्युटरच्या दुकानात काम करणारा आणि संध्याकाळी एका बँडमध्ये वाजवणारा. तिसरी मी. बायकांना रॉकमधलं काय कळतं, असा बँकवाल्यांचा चेहरा पहिले काही रविवार होता. मी ड्रमवरून त्यांच्याशी एकदा कडाडून भांडले, तेव्हा तो गेला. रेकॉर्डची एक बाजू संपली की अक्का कॉफी आणायच्या. त्यांना हे संगीत अजिबात आवडत नसे, पण त्या बाजूचं शेवटचं गाणं सुरू झालं की त्या गॅसवर दूध ठेवत. बाजू पालटायची, कॉफी प्यायची, मग दुसरी बाजू. या क्रमात कधी बदल झाला नाही.

दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात एक लांबलचक गिटार आहे. माझ्या कॅसेटमधली टेप तिथे पोचायच्या आधीच संपायची, त्यामुळे ती मी पहिल्यांदा अण्णांकडेच ऐकली. सूर चढत चढत जातो आणि ऐन भरात खट्‌ करून सुई उडते. मधला एक तुकडा गायब होतो आणि ड्रम धाडकन अंगावर येतो. मी दचकले. बाकीचे दचकले नाहीत. उलट त्या धाडकनवर तिघांनीही बरोबर मांडीवर थाप मारली.

मग मला गोष्ट सांगितली गेली. नवीन माणूस आलं की अण्णा ती सांगतच. मुलगी तीन वर्षांची असताना या गाण्यावर घरभर नाचत होती, गिरकी घेताना टेबलाला धडकली आणि सुई रेकॉर्डवर खरवडत गेली. अण्णा भिंतीवरच्या तिच्या फोटोकडे बोट दाखवून म्हणायचे, "ही बघा आरोपी. जामिनावर सुटलीय." सगळे हसायचे. मीही हसले. अण्णांना ती गोष्ट सांगताना इतका आनंद व्हायचा, की चौथ्या-पाचव्यांदा ऐकतानाही हसू यायचंच.

त्या रेकॉर्डवरून आमच्यातल्या प्रत्येकाने कॅसेट करून घेतली होती. तिच्यावरून मित्रांनी, त्यांच्यावरून आणखी कुणी. गिटारवाला तर ते गाणं उडीसकटच शिकला आणि कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये उडीसकट वाजवून टाळ्या मिळवत होता. एकदा आम्ही ब्रिगेड रोडवरच्या एका पबमध्ये गेलो असताना तेच गाणं लागलं. ठरलेल्या जागी आमच्या अख्ख्या टेबलाने धाडकन थाप मारली, ग्लास हिंदकळले, आणि गिटार आपली शांतपणे चढतच राहिली. शेजारचे लोक आमच्याकडे बघायला लागले. बँकवाल्यांनी जरासुद्धा न गडबडता निकाल दिला की इथली टेप खराब आहे. आम्ही माना डोलावल्या. आम्हाला खरोखर तसंच वाटलं होतं.

मुलगी पहिल्यांदा सुट्टीवर आली तेव्हा माझी तिच्याशी ओळख झाली. खोली तिची, म्हणून मी अवघडले होते, तर तीच मला म्हणाली, "अय्यो, तू राहा गं. मी अम्माजवळ झोपते." मोकळी, हसरी मुलगी. एकच गोष्ट माझ्या नजरेत भरली. रेकॉर्ड चालू असली की ती हॉलमधून सरळ जायची नाही. टाचा उचलून, भिंतीच्या कडेकडेने, टेबलापासून होता होईल तेवढं लांबून जायची. मला वाटलं, वळण चांगलं आहे. त्या रविवारी कुणीतरी पाहुणा आला, अण्णांनी आरोपीची गोष्ट सांगितली, या वेळी फोटोऐवजी प्रत्यक्ष तिच्याकडे बोट दाखवून. तीही हसली. मग कपबशा उचलून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

पुढच्या वर्षी तिच्या ऑफिसमधला एकजण सुट्टीवर आला आणि तिने दिलेलं एक खोकं अण्णांच्या हातात ठेवून गेला. आमच्या त्याच अल्बमची नवीन, खास आवृत्ती. दोन सीडी, पुठ्ठ्याची जाड पेटी, आत फोटोंचं पुस्तक. जाता जाता त्याने निरोप सांगितला. रविवारी सकाळी तिचा फोन येईल, तोवर ऐकून ठेवा. बाकी काही नाही सांगितलं तरी चालेल, पण शेवटच्या गाण्यातली ती जागा आता नीट वाजते का, तेवढं तिला हवं आहे.

"नीट वाजणारच की," अण्णा म्हणाले. "कंपनीनं केलीय."

नंतर स्वयंपाकघरात अक्का मला म्हणाल्या, "केव्हापासून शोधत होती ती हे. गेल्या खेपेला मला विचारत होती, अप्पांना तसलीच नवी रेकॉर्ड आणली तर मिटेल का गं सगळं. मी म्हटलं, काय मिटायचं? तर विषयच बदलला तिने." अक्का दूध ढवळत राहिल्या. मी अण्णांना हे सांगावं की काय, या विचारात दोन दिवस घालवले. त्यांच्या घरातली गोष्ट, आपण कोण नाक खुपसणारे, असं म्हणून गप्प बसले. पण रविवारच्या फोनची मला धास्ती वाटायला लागली. अण्णांनी काहीतरी थट्टा केली असती आणि ती तिकडे एवढ्या लांब, एकटी.

रविवारी बँकवाले आपल्या घरचा सीडी प्लेअर टॉवेलात गुंडाळून घेऊन आले. जावयाला बसवावं तशा थाटात तो अण्णांच्या अॅम्प्लिफायरशेजारी बसवला गेला. आधी पेटीची तपासणी झाली. गिटारवाल्याने पुस्तकाचा वास घेतला. बँकवाल्यांना मुखपृष्ठावरचं चित्र आक्रसलेलं वाटलं, आठ गुण. फोटोंना नऊ. दुसऱ्या सीडीवर तालमी, अर्धवट सोडलेली गाणी आणि स्टुडिओतल्या गप्पा होत्या. बँकवाले म्हणाले, "हा सगळा कच्चा माल आहे. हॉटेलात जेवायला बोलावून भाजी निवडताना दाखवतात का?" गिटारवाला खवळला. त्याला तोच भाग सोन्यासारखा वाटत होता. मी गिटारवाल्याच्या बाजूने होते, पण बँकवाले चिडलेले बघायला मला जास्त आवडत असल्यामुळे त्यांनाही अधूनमधून दुजोरा देत होते.

मग पहिली सीडी लागली. खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला. इतकी वर्षं जे जुन्या रेकॉर्डच्या, भजी तळल्यासारख्या चरचर आवाजामागून ऐकलं, ते समोर येऊन उभं राहिलं. गायक श्वास घेतो तोही ऐकू येत होता. गिटारवाल्याने डोळे मिटून घेतले. पहिली बाजू संपली तेव्हा अक्का ठरल्याप्रमाणे कॉफीचा ट्रे घेऊन आल्या, पण सीडीला बाजू नसते. पुढचं गाणं लगेच सुरू झालं, कुणीच उठलं नाही, आणि अक्का ट्रे घेऊन तशाच उभ्या. "संपलं की नाही तुमचं?" त्यांनी वैतागून विचारलं.

शेवटचं गाणं आलं. गिटार चढायला लागली. आमचे चौघांचे हात मांडीच्या वर आले, आणि धाडकन पडले. ड्रम आलाच नाही. गिटार पुढे गेली, थोडी वळली, आमच्यापैकी कुणी मन लावून न ऐकलेला एक लहानसा, फार सुंदर तुकडा वाजला, आणि मग ड्रम आला. आम्ही एकमेकांकडे बघितलं. गिटारवाल्याचा चेहरा पडला होता. "म्हणजे मी आजवर चुकीचं वाजवत आलो?"

"पबमधली टेप बरोबर होती," बँकवाले हळूच म्हणाले. असं कबूल करताना मी त्यांना पुन्हा कधी पाहिलं नाही. मग त्यांनी गुण जाहीर केले. दहापैकी दहा. एवढे गुण त्यांनी कधीच कशाला दिले नव्हते.

"अण्णा, तुमचं काय?" मी विचारलं.

अण्णा पेटीवरून हात फिरवत होते. "स्वच्छ आहे," ते म्हणाले. "स्वल्प जास्तच स्वच्छ आहे."

तेवढ्यात फोन वाजला.

अण्णा परदेशाच्या फोनवर ओरडून बोलायचे आणि पलीकडून तीही ओरडायची, त्यामुळे हॉलमध्ये सगळ्यांना सगळं ऐकू यायचं. "अप्पा, ऐकलंत का? ती जागा नीट लागते ना आता?"

"लागते की! एकदम सरी, बरोब्बर!"

"झालं तर मग." ती हसली. "आता पाहुण्यांना ती गोष्ट सांगू नका हं. झाली ना भरपाई?"

अण्णाही हसायला लागले, आणि मधेच थांबले. त्यांनी अक्कांकडे पाहिलं. अक्कांनी मान खाली घातली. अण्णांच्या चेहऱ्यावर मी तेव्हा जे पाहिलं ते सांगणं अवघड आहे. स्वतःच्या घरात, रोजच्या वाटेवर, अंधारात कशाला तरी ठेचकाळावं, तसे ते दिसत होते.

"भरपाई कसली, पुट्टी?" लहानपणी तिला हाक मारायचे तशी त्यांनी हाक मारली. आवाज एकदम खाली आला होता.

"काही नाही अप्पा, ठेवते मी आता."

"थांब. ठेवू नकोस." अण्णांनी गिटारवाल्याला हाताने खुणावलं. सीडी बंद. जुनी रेकॉर्ड, दुसरी बाजू, शेवटचं गाणं. गिटारवाल्याने सुई बरोबर ठेवली. अण्णांनी फोनची वायर ताणून ताणून रिसीव्हर स्पीकरकडे धरला. तो पोचत नव्हता, मग मी आवाज वाढवला. तळण्याच्या आवाजातून गिटार चढली, खट्‌ झालं, आणि आम्ही चौघांनी धाडकन थाप मारली. या वेळी एकही हात चुकला नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या अक्कांची मानसुद्धा हलली.

अण्णांनी रिसीव्हर परत कानाला लावला. "ऐकलंस? या गावात हे गाणं सगळे असंच वाजवतात. पोरांनी बँडमध्ये वाजवलंय असं. तू मोडलीस म्हणून नव्हतो गं सांगत. तू नाचलीस म्हणून सांगत होतो. अजून धड बोलता येत नव्हतं तुला, आणि माझ्या गाण्यावर नाचलीस. घरात दुसरं कुणी ऐकत पण नव्हतं हे." आणि मग, आमच्या सगळ्यांदेखत, गंध लावलेला तो फोरमन लहान मुलासारखा रडला. पलीकडे तीही रडत असावी. बँकवाले सीडी प्लेअर टॉवेलात गुंडाळायला लागले आणि बराच वेळ गुंडाळतच राहिले. मी स्वयंपाकघरात जाऊन गार झालेली कॉफी पुन्हा गरम केली.

ती पेटी आम्ही नंतर पुष्कळदा ऐकली. दुसऱ्या सीडीवरून भांडणं झाली, ती मी बंगळूर सोडेपर्यंत मिटली नाहीत. गिटारवाला तो सुंदर तुकडा शिकला, पण बँडमध्ये मात्र उडीसकटच वाजवत राहिला. बैठकीला दोन्ही लागायचं, आधी सीडी, मग रेकॉर्ड, आणि कॉफी रेकॉर्डच्या वेळी. आरोपीची गोष्ट अण्णांनी पुन्हा सांगितली नाही.

डिसेंबरात मुलगी सुट्टीवर आली. रविवार होता, आम्ही सगळे जमलो होतो, रेकॉर्ड शेवटच्या गाण्यावर आली होती. ती आंघोळ करून, केस टॉवेलात बांधून खोलीतून बाहेर आली. भिंतीच्या कडेला जायला वळली, थांबली, आणि मग सरळ हॉलच्या मधून, टेबलाच्या अगदी शेजारून, टाचा टेकवत चालायला लागली. अण्णा रेकॉर्डकडे बघत नव्हते, तिच्या पावलांकडे बघत होते. ती अर्ध्या वाटेवर असताना खट्‌ झालं. आमचे हात पडले. तिने चालता चालता, मागे न बघता, वर्गात हजेरी देताना करतात तसा एक हात वर केला आणि आत निघून गेली.