मोटर उकळली तेव्हा पारुबाई बसलेली होती

कनेरगाव नाक्याची पारुबाई माझ्या आईची चुलत आत्या. नवरा साप चावून गेला तेव्हा ती विशीतही नव्हती. सासूच्या हाताखाली सुईणपण शिकली आणि पुढं हिंगोलीच्या रस्त्यावरच्या गावांतली कितीतरी लेकरं तिच्याच हातावर आली. हिंदूंची आली, मुसलमानांची आली. अशा बाईला लोकांनी एका खटारा मोटरीपायी पांढऱ्या पायाची ठरवलं. आई हे सांगायची तेव्हा चुलीवरचं तसंच टाकून बोलायची, इतका तिला संताप येई.

ही सदतीस-अडतीस सालातली गोष्ट. वाशिमहून नाक्यावरून हिंगोलीला एक मोटर जाई. मालक किसनराव, हिंगोलीतलं वजनदार माणूस. मोटर त्यानं कुणाची तरी वापरलेली घेतली होती. ड्रायव्हर शंकरसिंग, हात चांगला, स्वभावानं भिडस्त.

त्या उन्हाळ्यात मोटर उकळायला लागली. रोज उकळली असती तर बरं होतं. पण ही आठवडाभर नीट पळे आणि एखाद्या दिवशी चढावर वाफ सोडून उभी राही. शंकरसिंगनं पंख्याचा पट्टा बदलला. रेडिएटरमध्ये सोड्याचं पाणी फिरवून गंज काढला. रबरी नळ्या चाचपून पाहिल्या, तेल बदललं. वाशिमच्या मिस्त्रीकडं नेली, तर तिथं दिवसभर चालू ठेवूनही मोटर थंडगार. मिस्त्री म्हणाला, "इसको कुछ नहीं हुआ."

मग ती उकळते काहून? कुणाच्या तरी ध्यानात आलं की उकळते तेव्हा पारुबाई आत असते. ते खरंही होतं. पारुबाई बाजारच्या दिवशी हिंगोलीला जाई, डिंक, बाळंतशेपा असलं काही आणायला, आणि मोटर बहुतेक बाजारच्याच दिवशी उकळे. पारुबाई नसतानाही दोनदा उकळली होती, पण ते कुणी लक्षात ठेवलं नाही. विधवा बाई, एकटी, मागंपुढं कुणी नाही. आळ घ्यायला याहून सोयीचं माणूस कुठं मिळणार?

अशातच एका बाजारच्या दिवशी सकाळी निरोप आला. हिंगोलीच्या अलीकडच्या वाडीतल्या अजीज पिंजाऱ्याची बायको कनीज अडली होती. पहिलटकरीण. पारुबाईनं कात्री, धागा आणि जुन्या धोतराच्या धुतलेल्या चिंध्या गाठोड्यात बांधल्या आणि मोटर पकडली.

अर्ध्या रस्त्यात चढावर वाफ निघाली. मोटर थांबली तसा आतून गलका झाला.

"उतरवा तिला! तिच्यापायीच व्हऊन राहिलं हे."

"बाबांनो, बाई अडलीय तिकडं," पारुबाई म्हणाली. "मला पोचू द्या, मग काय बोलायचं ते बोला."

किसनरावचा मेव्हणा संतराम पुढच्या सीटवर बसलेला. तो मागं वळून म्हणाला, "शंकरसिंग, उतरव. दाजींची मोटर जाळायची का हिच्यापायी?"

शंकरसिंग खाली मान घालून मागं आला. "बाई, उतरा. माझा विलाज न्हाई."

ती उतरली. तासाभरानं मोटर निवली आणि तिच्या अंगावर धूळ उडवत निघून गेली. पारुबाई वैशाखाच्या उन्हात चालत वाडीवर पोचली तेव्हा उन्हं कलली होती. नाळ मानेभोवती अडकलेली. कनीज वाचली. पोरगं निळं पडून आलं आणि रडलं नाही. कनीजची सासू जैनबबी भिंतीला टेकून बसली होती. ती इतकंच म्हणाली, "तुम जल्दी आते तो..."

पुढच्या फेरीला मोटर नाक्यावर आली, तशी पारुबाई चाकासमोर जाऊन बसली.

"उठा बाई," शंकरसिंग म्हणाला.

"न्हाई उठत. घाल माझ्या अंगावरून. लेकरू मेलं तिथं, तुमच्या ह्या डबड्यापायी. आता मला रोज बसवायचं. बघू दे समद्यांना, मोटर माझ्यानं उकळते का."

नाक्यावरचे जकातीचे शिपाई जमले, बघे जमले. शंकरसिंगनं तिला बसवलं. त्या दिवशी मोटर उकळली नाही. दुसऱ्या दिवशीही ती बसली, तिसऱ्याही. भर दुपारी, तोच चढ, पण वाफेचा पत्ता नाही. बाजारच्या दिवशी मात्र ती मुद्दाम घरी राहिली. मोटर चढावर उकळली.

संध्याकाळी परतीच्या फेरीला ती नाक्यावर उभीच होती.

"आज तर मी नव्हते. बाजारच्या दिशी आणखी काय असतं रे ह्या मोटरीत, जे रोज नसतं?"

शंकरसिंगनं मोटरीच्या तोंडाकडं बोट केलं. "पानाच्या करंड्या."

संतरामचा विड्याच्या पानांचा धंदा. बाजारच्या दिवशी तो वाशिमहून करंड्या आणी. वारा लागून पानं ताजी राहावीत म्हणून त्या मोटरीच्या पुढच्या बाजूला बांधी आणि वरून ओलं गोणपाट टाकी. बरोबर रेडिएटरच्या तोंडावर. पानांना वारा मिळे आणि रेडिएटरला मिळत नसे. सपाटीवर निभावे, चढावर उकळे. ज्या बाजाराला पानं आली नाहीत, त्या दिवशी मोटर नीट गेली होती. आणि वाशिमच्या मिस्त्रीकडं काही मोटर करंड्या बांधून नेली नव्हती.

"तुला कवा कळलं हे?"

"संशय व्हता बाई, आधीपासून. पर मालकाचा मेव्हणा... त्यांना कसं म्हणू?"

"अन् मला म्हणता आलं!" पारुबाई ओरडली तशी नाक्यावरची माणसं वळून बघायला लागली. "त्याच्या पानाला वारा पायजे, म्हणून मला उन्हात टाकलं! कनीजच्या पोटचं गेलं रे, शंकरसिंग!"

किसनरावच्या कानावर गेलं. करंड्या टपावर चढल्या आणि मोटर उकळायची थांबली. हिंगोलीच्या बाजारातल्या मोटर-अड्ड्यावर तो पारुबाईला म्हणाला, "झालं गेलं सोडा. तुमी आमच्या मोटरीत फुकट बसत जा."

"फुकट नको. इथं बाजारात समद्यांम्होरं सांगा, की माझा दोष नव्हता."

किसनराव हसला आणि घराकडं चालू लागला. तेव्हा शंकरसिंग फूटबोर्डावर चढला आणि भरल्या बाजारात, अडखळत का होईना, सगळं बोलला. करंड्यांचं बोलला, संतरामचं बोलला, स्वतःच्या गप्प राहण्याचंही. त्याची नोकरी त्याच आठवड्यात गेली. पारुबाईनं त्याला माफ केलं नाही. पण लोक त्याला नावं ठेवायला लागले की ती म्हणे, "त्यानं उशिरा का व्हईना, तोंड उघडलं. तुमी तर माझ्यासंगं मोटरीत व्हता."

एवढं होऊनही काही बायका तिला शुभकार्यात टाळत. पानांनी कुठं मोटर उकळते होय, म्हणत. मोटर एकदा दुरुस्त झाली की झाली. माणसांचं तसं नसतं, हे बघून आईचा जीव अजून जळायचा.

पुढं कनीजला पुन्हा दिवस गेले. महिने भरत आले तशी जैनबबी स्वतः बैलगाडी जुंपून नाक्यावर आली आणि दारातूनच म्हणाली, "चलो. अबकी बार आठ दिन पहलेच हमारे घर रहना."

पारुबाई गाठोडं घेऊन गाडीत बसली. पोरगी झाली, ठणठणीत रडली. नाव अजरा ठेवलं.