कुसुमचे बाद केलेले फॉर्म

मी कुसुमवर जळायचे.

गेल्या वर्षी याच दिवशी ती गेली. व्हॉट्सॲपवर सगळ्यांनी तिच्याबद्दल भरभरून लिहिलं. मी नुसता हात जोडलेला इमोजी टाकला आणि फोन बाजूला ठेवला.

खरं लिहायची हिंमत नव्हती. आज लिहिते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत एका संस्थेचा सर्व्हे होता. मुलींच्या शिक्षणाबद्दल पालकांचं मत काय, ते मोजायचं.

मी शहापूरची, मानसशास्त्रात एम.ए., फर्स्ट क्लास. कुसुम टोकावड्याजवळच्या पाड्यावरची, बारावी पास.

काम दोघींना एकच. तिथूनच मला खुपायला लागलं.

फॉर्मवर वाक्य असायचं, ‘मुलींना सातवीनंतरही शिकवावं.’ खाली पाच चौकटी. पूर्ण सहमतपासून पूर्ण असहमतपर्यंत.

मी वाक्य वाचायचे. समोरचा म्हणायचा, "हो मॅडम, शिकवायलाच पायजे."

पूर्ण सहमत. टिक. पुढचं घर.

किन्हवलीकडची तीन गावं मी आठवड्यात संपवली.

कुसुमचं एकेक घर अर्धा दिवस चालायचं. बायकांबरोबर वाल सोलत बसायची. आणि तिचे फॉर्म यायचे ते ‘असहमत’ने भरलेले.

एकदा मीही तिच्यासोबत तिच्या पाड्यावर गेले. एक काका ओटीवर बसलेले, त्यांची बारा-तेरा वर्षांची मुलगी दारात. कुसुमने फॉर्म बाहेर काढलाच नाही.

"काका, तुमचं ऱ्हाऊ द्या. पाड्यातली बाकीची मानसं काय म्हनतात?"

काका एकदम मोकळे झाले. "बाकीचे म्हनतात, पोर टोकावड्याच्या शाळेत धाडायची कशी? संध्याकाळची एसटी चुकली तर? वाटेत कोन आहे तिला?"

"आन तुमी?"

काकांनी दारातल्या पोरीकडे पाहिलं. म्हणाले, "आमी पन तेच म्हनतो."

मला कौतुक वाटायला हवं होतं ना?

मी जळले.

कारण हे मी पुस्तकात वाचलं होतं. सरळ विचारलं की माणूस शोभेल ते उत्तर देतो. दुसऱ्यांबद्दल विचारलं की स्वतःच्या मनातलं बोलतो. पेपरात लिहून त्याचे मार्क घेतले होते मी. लोकांच्या दारात उभी असताना मात्र एकदाही सुचलं नाही.

तिला न वाचता सुचलं.

दुसऱ्या दिवशी मी सर्व्हेच्या प्रमुख सरांना सांगितलं, "कुसुम प्रश्न बदलून विचारते सर. तिचा डेटा धरता येणार नाही."

नियमाने हे बरोबर होतं. म्हणून तर बिनदिक्कत सांगता आलं.

तिचे फॉर्म बाद झाले. कामही गेलं. तिने विचारलं, "सर, माझं चुकलं काय?" सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी फाइलमध्ये डोकं घातलं.

रिपोर्टमध्ये आलं, बहुसंख्य पालक अनुकूल. लोकांचं मत वळवायची गरजच नाही, चार पोस्टर लावली की झालं. सगळं मी टिक केलेल्या फॉर्मच्या जोरावर.

जूनमध्ये कुसुमच्या पाड्यावरची एकही मुलगी आठवीत गेली नाही.

मग कुसुम पुन्हा घरोघरी गेली. आता संस्था नाही, फॉर्म नाही. शिक्षणाचं महत्त्व वगैरे तिने कुणाला ऐकवलं नाही. एवढंच विचारलं, "काय केलं तर पोरीला धाडाल?"

"कोनतरी मोठं मानूस संगती पायजे."

"मी जाते संगती."

पाच मुली निघाल्या. वर्षभर कुसुम रोज सकाळी त्यांच्याबरोबर एसटीने गेली, संध्याकाळी त्यांना घेऊन आली. पुढच्या वर्षी आयांनी पाळ्या लावल्या. आणि ओटीवरचे ते काका? ते आपणहून शेजाऱ्यांना सांगायला लागले, "आमची जाते, तुमची पन धाडा."

शहापुरात मला हे कळलं तेव्हा मी म्हणाले होते, "फुकट कोण करतं? असेल काहीतरी मतलब."

हो. असंच म्हणाले होते मी.

पुढे दोन हजारनंतर मी तालुक्याच्या एका कॉलेजात शिकवायला लागले. विषय तोच, लोकांची मतं कशी मोजायची. हा किस्सा वर्गात सांगायचे. "मी एकदा एका पाड्यावर गेले होते. मी काकांना विचारलं..."

मी. मी.

वर्ग खूश व्हायचा. तीन वर्षं सांगितला.

चौथ्या वर्षी तास संपल्यावर एक मुलगी थांबली. आवाज अगदी हळू.

"मॅडम, ते काका म्हणजे माझे बाबा. मी दारात उभी होते. तुम्ही नुसत्या बसल्या होतात. विचारलं कुसुमताईनं."

रविवारी एसटी पकडून टोकावड्याला गेले. कुसुम अंगणात भात वाळत घालत होती. मी सगळं सांगितलं. वर्गातलं. सरांकडे केलेली तक्रारसुद्धा.

"तक्रारीचं ठावं होतं मला," ती म्हणाली.

"राग नाही आला?"

"आला की. लय आला. दोन वर्सं तुझं नाव निघालं का अंगाची लाही व्हायची."

भात पसरता पसरता ती थांबली.

"तू येवढी शिकलेली. एकदा तरी विचारायचंस, कुसुम, तू हे कसं करतेस गो? मी सगळं सांगितलं असतं."

शेकडो दारांत जाऊन प्रश्न विचारणारी मी. हिला एकही विचारला नव्हता.

त्या दिवशी विचारला. संध्याकाळपर्यंत ती सांगत होती, मी वहीत लिहून घेत होते.

सोमवारी वर्गात सांगितलं, किस्सा माझा नव्हता. बाद केलेले फॉर्म खरे होते, माझे खोटे.

त्यानंतर आम्ही जिवलग मैत्रिणी झालो, असं काही नाही. अधूनमधून जायचे. चहा व्हायचा. कुसुम मनातलं बोलायची, मी तोलून मापून.

ती गेली त्या दिवशी पाड्यावर उभं राहायला जागा नव्हती. नोकरीवाल्या बायका, कडेवर पोरं घेतलेल्या बायका, सगळ्या ओक्साबोक्शी रडत होत्या. मी कडेला उभी होते.

आणि मनात आलं, माझ्यासाठी एवढ्या येतील का?

तेव्हाही जळलेच गो तुझ्यावर.

कुसुम, तुला मनापासून श्रद्धांजली.