वस्तादाच्या हातातलं माझं मनगट

आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. बी.एस्सी. झाले, कोरेगावच्या शाळेत विज्ञान शिकवू लागले आणि हातांनीच दगा दिला. सकाळी बोटं वळायची नाहीत. दोन्ही मनगटं सुजून गरम. खडू धरवेना. हात गेले तर नोकरी गेली, एवढंच डोक्यात.

आबा, म्हणजे माझे वडील, जुने पैलवान. त्यांच्या लेखी सांधा दुखतो तो सरकला म्हणूनच, आणि बसवतो तालमीतला वस्ताद. डॉक्टरचं नाव काढलं तर म्हणाले, "लय शिकलीस! पैलवानाची लेक हायस का काचंची बाव्हली?"

वस्ताद घरी आला. आई आडवी आली, तिला आबांनी ढकललं. मग माझा दंड गुडघ्याखाली दाबला. वस्तादानं तेल चोळून सुजलेलं मनगट धरलं आणि हिसडा मारला. मी किंचाळले.

"वरडू द्या. शीर मोकळी हुतीया," म्हणत तो एकेक बोट ओढू लागला. मी आबांच्या हाताला चावले. तोंडात रक्त आलं तरी मी चावा सोडला नाही.

वस्ताद पुन्हा आला, तेव्हा मी तापल्या तेलाचं पातेलं लाथेनं उडवलं. ते आबांच्या पायावर गेलं. ते शिव्या देत नाचत होते, तोवर मी एसटी गाठली.

सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी बोटांची पेरं हलकेच दाबली. "हे काळंनिळं कशानं?" मी सांगितलं. त्या भडकल्याच. रक्त तपासलं, एक्स-रे काढले. "हा आमवात. सरकलेलं काही नाही. तुमचं शरीरच सांध्यांवर तुटून पडलंय. आवरलं नाही तर हाडं कुरतडेल."

गोळी आठवड्यातून एकदाच, ठरल्या वारी. मधूनमधून रक्ततपासणी. गोळीच्या दुसऱ्या दिवशी पोटात ढवळून यायचं, तरी चुकवली नाही. पुढच्या खेपेला "बघू तर काय म्हणतीया तुजी डॉक्टरीण," म्हणत आबा भाजल्या पायानं लंगडत बरोबर आले. बाईंनी त्यांना एक्स-रे दाखवून असं झापलं, की परतीच्या एसटीत त्यांनी गोळीचा वार दोनदा विचारून घेतला.

सूज उतरायला कैक महिने गेले. करंगळी वाकडी राहिली ती राहिलीच. पण एक दिवस फळा भरून लिहिला. घरी येऊन सांगितलं, तर आबांनी हात पुढं केला. चाव्याचा वण वर.

"दाब बघू."

होता नव्हता तेवढा राग घालून दाबलं.

"आयाया! सोड की गं!"

"आवं आबा, पैलवान हायसा का काचंची बाव्हली?" म्हटलं, आणि सोडला नाही.