नावातला ट्यूमर

डॉक्टरीणबाईंच्या चिठ्ठीवर औषधाच्या नावापुढे 'अँटी-टीएनएफ' अशी अक्षरं होती. पेणहून रोह्याला परतताना निडी स्टेशन मागे पडलं आणि मी ती फोनवर शोधली. शाळेत मी इतिहास शिकवतो. पण घरात विज्ञानावर बोलायचा मक्ता माझा, कारण दुसऱ्या कुणाला तेवढी हौस नाही. टीएनएफ म्हणजे ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर. त्यातला 'ट्यूमर' वाचला आणि पुढचं काही दिसेचना.

समोर बायको सुजलेली बोटं पदराखाली घेऊन बसली होती. सकाळी तिला भिजवलेले वालही सोलता येत नव्हते. आम्ही गेलो होतो सांधेदुखीसाठी. बाईंनी आपल्यापासून कॅन्सर लपवला, हे मी नागोठणं-रोह्याच्या मधेच ठरवून टाकलं.

घरी पोचल्यावर मी न सांगता चहा केला. कपबश्याही विसळल्या.

"काय लपवताय?" बायकोने विचारलं.

"कुठे काय?"

"लग्न झाल्यापासून तुम्ही कप विसळला नाय. मी मरतेय काय?"

यावर नवऱ्याने धीर द्यायचा असतो. मी रडलो.

पुढच्या खेपेला माझी शंका ऐकून बाई आधी पोटभर हसल्या. गाठींतल्या पेशी मारताना सापडलं म्हणून ते जुनं नाव चिकटलं, म्हणाल्या. मग कागदावर तीन लांबट आकृत्या पाठीला पाठ लावून काढल्या. "हे एक प्रथिन. तीन सारखे तुकडे जुळले की एक घंटेसारखा आकार होतो. पेशीच्या अंगावर याची हाक ऐकणारे कान असतात. दोन तुकड्यांच्या मधल्या खाचेत एकेक कान बसतो. कान असे जवळ आले की आत हाक जाते, सूज आणा, लढणाऱ्या पेशी बोलवा."

"तीन जावा," बायको म्हणाली. "एकटीचं कोण ऐकत नाय. तिघी एक झाल्या की घर पेटवतात."

"तुमच्या सांध्यांत ही हाक थांबतच नाही. इंजेक्शन या तिघींना धरून ठेवतं."

"मग धरा की!"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "घरात कुणाला टीबी झाला होता?"

 बायकोचं माहेर पेणजवळच्या गागोद्याकडचं. "बाबांना खोकला होता," ती शेवटी म्हणाली. "औषधाला पेणला यायचे. नाव कोण घेत नव्हतं. मी त्यांच्याच शेजारी झोपायचे."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मला हे ठाऊक नव्हतं. आणि बाई आता हसत नव्हत्या. टीबीचे जंतू अंगात वर्षानुवर्षं निजून राहतात, शरीर त्यांच्याभोवती पेशींची भिंत घालतं, आणि ती भिंत टिकते याच हाकेवर. तिघींना धरून ठेवलं तर पहाऱ्याला कोण?

रक्ताची तपासणी झाली. जंतू अंगात होते, निजलेले. फोटोत छाती स्वच्छ होती. आधी टीबी जागा होऊ नये म्हणून गोळ्या, महिन्याने त्या चालू ठेवूनच इंजेक्शन, असं बाईंनी सांगितलं. "धोका पुष्कळ कमी होतो. अजिबात नाही, असं मी म्हणणार नाही. नाही घेतलं तर सांधे झिजत जातील. ठरवा."

आधीची भीती माझ्या अडाणीपणाची होती. तिच्यावर हसता तरी आलं. ही खरी होती. घरी मी म्हणालो, "इंजेक्शन नको. तुझी सगळी कामं मी करीन."

"वेणी घालाल?"

"घालीन."

"ब्लाउजची बटणं?"

मी माझ्या बोटांकडे पाहिलं.

"बघा! मला माझ्या हातांनी जगायचं हाय. भीती काय मला नाय वाटत? पण तुम्ही दोघांच्या वाटचं घाबरताय, मग मी कशाला वेळ घालवू?"

महिन्याने पेणला पहिलं इंजेक्शन झालं. सुई तिच्या पोटाला, घाम मला. नर्सने पाणीही मलाच दिलं. मग थोडा वेळ बाहेर बाकावर थांबायला सांगितलं. तिथे बायको खोकली.

मी ताडकन उभा.

"ठसका हाय. बसा खाली."

बसलो, पण कान तिच्या छातीकडेच. पलीकडे एक आजोबा खोकले, तर त्यांच्याकडे मी असं काही पाहिलं की बिचारे रुमाल तोंडाला लावून लांबच्या बाकावर गेले.

"अहो, माणसांना घाबरवू नका," असं म्हणून तिने माझं मनगट धरलं. म्हणजे धरायला गेली. बोटं अजून मिटत नव्हती.