कॅमेरा बंद होता तेव्हाचं

दुसरा ओढा ओलांडला तरी उन्नूर बोलायला तयार नव्हती, तेव्हा तिची मैत्रीण ओडनी हिनेच थर्मास काढला. मेंढ्या पुढे उतारावरून खाली ओघळत होत्या. मागे माणसांची रांग डोंगरभर पसरलेली, आणि रांगेचं डावं टोक या दोघींकडे.

"कॉफी घे. मौनव्रत कॉफी पिऊनही पाळता येतं."

उन्नूरने पेला घेतला, पण हसली नाही. "त्याने जागा बदलून घेतली गं. स्क्यूलीला सांगून. माझ्या शेजारी चालायला नको म्हणाला."

म्हातारा स्क्यूली हा आमच्या डोंगराचा राजा. शरदात मेंढ्या खाली आणायच्या दिवसांत त्याच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही. आणि 'तो' म्हणजे उन्नूरचा थोरला भाऊ केटिल. मेंढ्यांमागे डोंगरावर यायला लागली तेव्हापासून ही भावंडं रांगेत शेजारी शेजारी. एकाने हाळी घातली की दुसऱ्याने ओ द्यायची. यंदा केटिल पार उजवीकडच्या कड्याला होता. वसंतात त्याची बायको स्वावा वारली, आणि तेव्हापासून त्याने बहिणीशी अवाक्षर काढलं नव्हतं.

उन्नूर राजधानीत राहते, माहितीपट काढते. फिल्म तिच्या नावाची, पण तिच्यात कॅमेरावाल्याचा हात, कापाकापी करणाऱ्याचा हात, टीव्हीवाल्यांचा हात, अनुदान देणाऱ्या समितीचा तर सगळ्यात लांब हात. "माझ्या सुपात येणारा-जाणारा मीठ टाकतो," असं ती म्हणायची. लिहिणं तेवढं तिचं एकटीचं. शूटिंगच्या आधी पहाटे गाडीत बसून, गुडघ्यावर कागद ठेवून लिहायची. फिल्ममध्ये जे मावलं नाही, जे समितीला रुचलं नाही, ते सगळं तिथे. ज्या दिवशी लिहून झालं नाही त्या दिवशी तिचं डोकं ठिकाणावर नसे, हे ओडनीने कितीदा पाहिलं होतं. पुस्तक मात्र तिने कधी काढलं नाही. ज्या देशात न्हाव्याचंसुद्धा पुस्तक निघतं, तिथे ही लाज म्हणायची की हट्ट, ते तिलाच ठाऊक.

तिचं छापून यायचं ते एकाच पानावर. माणूस गेलं की त्याला निरोप द्यायच्या दिवशी पेपरात त्याच्याविषयी लिहायचं, ही आमच्याकडची रीत. नवरा लिहितो, भाची लिहिते, पत्त्यांतला सोबती लिहितो. लोक बातम्यांच्या आधी ते पान उघडतात. ओडनी चर्चमध्ये ऑर्गन वाजवते, आणि खोऱ्यात ज्यांना लिहायला जड जातं त्यांचे लेख नीटनेटके करून पेपराकडे पाठवते. उन्नूरने मात्र स्वावावरचा लेख परस्पर धाडला. तिला कशाला कुणाची मदत लागते?

फार सुंदर लेख होता तो. ओडनीचे डोळे भरून आले होते, आणि मग एका ओळीपाशी ती थांबली, ती ओळ तिने पुन्हा वाचली.

काही वर्षांपूर्वी उन्नूर भावाच्या शेतावर चित्रीकरण करत होती. स्वयंपाकघरात स्वावा म्हणाली, "ते बंद कर आधी." उन्नूरने कॅमेरा बंद केला. मग स्वावाने सांगितलं, की लग्नानंतर एकदा ती बॅग भरून रस्त्यावर जाऊन बसली होती. दक्षिणेची बस आली, दार उघडलं, ड्रायव्हरने विचारलं, येतेस का. ती म्हणाली, नाही, मी कुणाची तरी वाट बघतेय. मग घरी येऊन तिने बटाटे उकडत ठेवले. केटिल गोठ्यात होता, त्याला पत्ताही नव्हता. लेखातल्या त्या एका ओळीत ही बस होती.

"कॅमेऱ्याच्या बाबतीत मी आयुष्यात कुणाला फसवलं नाही," उन्नूर आता म्हणाली. "कागदावर सही घेते, पुन्हा विचारते, नको म्हणाले तर कापून टाकते. पण लिहिताना कुणाला विचारायचं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ते माझं होतं ना."

"तुझं नव्हतं ते, उन्नूर. स्वावाचं होतं."

उन्नूरने उरलेली कॉफी शेवाळावर ओतली आणि चालू लागली.

खाली गोल वाड्यात मेंढ्या शिरल्या तेव्हा सगळं खोरं जमलं होतं. ज्याने त्याने कानाची खूण बघायची, मेंढी शिंगांना धरून मांड्यांत दाबायची आणि आपापल्या कप्प्यात ढकलायची. उन्नूरने घरच्या खुणेची एक म्हातारी मेंढी धरली आणि ओढत ओढत कप्प्याच्या दाराशी आणली. दारात केटिल उभा. त्याने मेंढीपुरतं दार उघडलं.

"अरे, मेंढीला घेतलंस, तर बहिणीलाही घे की आत," स्क्यूली तपकिरीची चिमूट चढवत म्हणाला. "खूण एकच आहे दोघींची."

"मेंढी घरातलं बाहेर सांगत नाही," केटिल म्हणाला.

कुंपणावरची माणसं हसली, आणि मग मेंढ्यांच्या खुणा बघू लागली.

"केटिल, मला बोलायचंय."

"लिही. मी पेपरात वाचेन."

"मी माफी मागायला आलेय."

त्याने दाराची कडी घातली. मग बहिणीकडे न बघता, मेंढ्यांकडे बघत तो बोलला. "स्वावाला पोचवायला आलेला प्रत्येक जण माझा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवत होता. मी म्हटलं, किती माया करतात लोक. घरी येऊन पेपर उघडला तेव्हा कळलं. ती गेली म्हणून नव्हतं ते. ती जाणार होती म्हणून होतं. सगळ्या खोऱ्याला ठाऊक, आणि मी तिथे पोचवायला आलेल्यांना केक वाटत उभा."

उन्नूरने दाराच्या फळीवर हात ठेवला.

"आता मी कुणाला विचारू, ती का परत आली ते? तुला? तुला तरी ठाऊक आहे का?"

"नाही. मी विचारलं नव्हतं."

"छान," तो म्हणाला. "सगळ्यांबरोबर सूप प्यायला ये घरी. लोक बघतायत, नाही आलीस तर बरं दिसणार नाही. माझ्या टेबलाशी बसू नकोस."

तो पुढच्या मेंढीकडे गेला. उन्नूर वाड्याच्या दगडी भिंतीला टेकून उभी राहिली. ओडनी तिच्या शेजारी. आत लोक गाऊ लागले होते. दरवर्षी खालचा सूर केटिलचा असे. आज तो गात नव्हता, आणि गाणं लंगडं वाटत होतं. ओडनीने मनातल्या मनात देवाला दोन शब्द सांगितले, दोघांसाठी मिळून.

"ते मी लिहिलेलं सगळ्यात चांगलं होतं," उन्नूर म्हणाली. "लिहिलं नसतं तर बरं झालं असतं, असं तोंडाने म्हणते मी. मनातून म्हणवत नाही. आणि त्याला ते कळतं."

"देवाला सांगून बघ."

"त्याने तर छापायच्या आधीच वाचलं असेल. काही बोलला नाही."

ओडनीला हे बोलणं आवडलं नाही. उन्नूरने हातमोजे काढले. लोकरीच्या तेलाने बोटं चिकट झाली होती.

"ओडनी, खोऱ्यातलं त्या पानावरचं सगळं तुझ्याच हातून जातं ना? मी त्याच्या आधी गेले, तर माझ्यावर तू लिहू नकोस. केटिलकडून लिहवून घे. नाही म्हणेल, तरी पिच्छा सोडू नकोस. तो कडू लिहील, चुकीचंही लिहील, माझ्याबद्दल नको ते सांगेल. त्यातला एक शब्दही बदलू नकोस."